लाल रेघेपर्यंत

शकूअक्का नवऱ्यासोबत ओट्यावर बसून दारू प्यायच्या, आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणी मान वळवून पाहिलं तर त्याला नावाने हाक मारून विचारायच्या, "काय भाऊ, बसता का?" धरणगावच्या आमच्या कॉलनीत हे सात वर्षं चाललं. पहिल्या महिन्यात लोकांनी तो रस्ताच सोडला. ज्यांना दुसरा रस्ता नव्हता ते मोबाइल कानाला लावून जायचे, पलीकडून कोणी बोलत असो वा नसो.

मी त्यांची शेजारीण. प्राथमिक शाळेत शिक्षिका, म्हणून त्या मला बाई म्हणायच्या. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि ती भिंत अक्कांनी नेहमी टेबलासारखी वापरली. पापड वाळत घाल, ताटली ठेव, कोपर टेकून माझ्याशी बोल. दारूची बाटली माझ्या कपाटात असायची, शाळेच्या जुन्या वह्यांच्या मागे. नवरा घरातलं सगळं उचकेल, पण बाईंच्या कपाटाला हात लावायची त्याची टाप नाही, हे अक्कांनी बरोबर ताडलं होतं. त्यामुळे गावात बाईंच्या चारित्र्याविषयी जी काही चर्चा झाली ती माझ्या वाट्याला फुकट आली. मला त्याचा राग आला नाही. राग यायला मला दुसरा माणूस होता.

त्या माणसाला गाव नाना म्हणायचं. जिनिंगमध्ये काट्यावर कारकून. कपाशीच्या गाड्यांचं वजन करायचं काम, हात स्वच्छ, बोलणं गोड. दिवसा पाहिलं तर कोणीही म्हणावं, देवमाणूस. पिऊन आला की बायकोला, मुलीला, भांड्यांना, कशालाच सोडायचा नाही, आणि सकाळी चहाचा कप हातात घेऊन म्हणायचा, "माले काही याद नही." एवढ्या चार शब्दांवर त्याने संसाराची अठरा वर्षं काढली. अक्का म्हणायच्या, "मारलेलं जिरतं बाई. पण सकाळी मीच खोटी पडते ना, ते जिरत नाही."

अक्का रावेरकडच्या, केळीवाल्या घरातल्या. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांचं 'मले' आणि 'काहून' सुटलं नव्हतं. अंगाने किरकोळ, पण चालताना टाच अशी आपटायच्या की मला माझ्या स्वयंपाकघरात कळायचं, अक्का निघाल्या. भाकरी ज्वारी-उडदाच्या कळण्याचीच खायच्या. ठेचा वरवंट्याखालीच रगडायच्या आणि मिरची रगडताना कोणाचं तरी नाव पुटपुटायच्या. कोणाचं ते मी एकदा विचारलं. "यादी मोठी हाये," त्या म्हणाल्या.

त्या यादीत पहिलं नाव नानांचं का होतं ते मला माहीत आहे, कारण तो दिवस मी खिडकीतून पाहिला आहे.

भर दुपारची वेळ होती. अक्का बाजारात गेल्या होत्या. त्यांचे वडील, आबा, रावेरहून दोन बस बदलून आले. धोतर, टोपी, खांद्यावर केळीचा घड. पंचाहत्तरीचा माणूस, घामाने निथळलेला. दार नानांनी उघडलं. त्यांनी आबांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "कोन रे तू? भीक मांगाले दुसरा दार देख." आबा हसले. त्यांना वाटलं, जावई थट्टा करतोय. ते म्हणाले, "अहो, मी शकूचा बाप." नानांनी दार लावून घेतलं. आतून कडी लावल्याचा आवाज मला माझ्या घरात ऐकू आला.

मी बाहेर जायला हवं होतं. आबांना माझ्या घरी बसवून पाणी द्यायला हवं होतं. मी गेले नाही. उगाच पिणाऱ्याच्या तोंडी कशाला लागा, असं वाटलं आणि मी पडदा सोडला. फटीतून पाहिलं तर आबांनी घड पायरीवर ठेवला, टोपी नीट केली आणि आले तसे निघून गेले. अर्ध्या तासाने अक्का आल्या. मी सांगितल्यावर त्या पिशव्या रस्त्यातच टाकून स्टँडवर पळाल्या, पण बस गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, "माले काही याद नही."

आबा त्यानंतर कधी धरणगावला आले नाहीत. अक्का माहेरी गेल्या तर नीट बोलायचे, पण जावयाचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायचे. दीड वर्षाने ते वारले. शेवटच्या आजारपणात त्यांनी मुलाला एवढंच विचारलं होतं की मी खरंच भिकाऱ्यासारखा दिसत होतो का रे. हे अक्कांना भावाने तेराव्याला सांगितलं. त्या दिवशी धरणगावला परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. भिंतीशी उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, हा माणूस दारूनं मरंल आणि सुटंल. मले याले सुटू द्यायचा नाही. याच्या तोंडून मले ऐकायचं हाये की याले याद हाये."

इथून पुढे अक्कांनी जे केलं ते याच एका वाक्यासाठी केलं.

नाना सुधारावेत म्हणून घरच्यांनी आधी बरीच खटपट केली होती. थोरले दीर, अण्णा, त्यांना देवाच्या पायावर हात ठेवायला घेऊन जायचे. गळ्यात माळ घालून नाना घरी यायचे, दोन-तीन आठवडे गोड गोड बोलायचे, मग एक दिवस माळ खुंटीला लागायची आणि नाना जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगावर सापडायचे. जळगावच्या डॉक्टरांनी भरती करून घेतलं, सांगितलं, एक थेंब नको. तिथून आल्यावर महिनाभर एक थेंब नाही आणि मग तीन दिवस पाण्याचा थेंब नाही. प्रत्येक वेळी शपथ मोडली की नाना आधीपेक्षा जास्त प्यायचे, कारण आता मोडलेल्या शपथेचं दुःखही बुडवायला असायचं. आणि प्रत्येक सकाळी तेच चार शब्द.

मग श्रावणात कानबाई देवी आली. खानदेशात ज्याच्या घरी कानबाई बसते त्याच्याकडे सगळी भाऊबंदकी जमते. नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढतात तो मोजून, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आदल्या दिवशी अण्णांच्या घरी गहू काढायचं काम धाकटी सून म्हणून अक्कांकडे होतं. मी हळदीकुंकवाला म्हणून गेले होते. घरात पुरुष पाच. अण्णा, त्यांची दोन मुलं, एक नातू आणि नाना. अक्कांनी एकेक नाव घेत सुपात मुठी टाकल्या. चार झाल्या आणि त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं.

"पाचवी मूठ कोठे शे?" अण्णांनी विचारलं.

"पाचवा माणूस दाखवा, टाकते."

नाना तिथेच खुर्चीत बसले होते. डोळे तांबारलेले, पण जागे. अण्णांचा आवाज चढला. "मना भाऊ मरी गया का?"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, ज्याले कालचं आज याद नसतं, तो काल घरात नव्हता. आजचं उद्या याद राहणार नाही, म्हणजे आजही नाही. मी देवीपुढं खोटी मूठ टाकणार नाही. त्याईले विचारा, परवा माह्या बापाचं वर्षश्राद्ध झालं, ते याद हाये का?"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांच्या तोंडातून सवयीने तेच आलं, "माले काही याद नही." अण्णांच्या नातवाला हसू फुटलं. त्या हसण्याने नाना जे खचले ते पुन्हा त्या घरात ताठ बसलेले मी पाहिले नाहीत. त्या वर्षी कानबाईचे रोट चार मुठींचे झाले. मला याचा आनंद झाला होता, तो मी लपवणार नाही.

पुढच्या शनिवारी अक्का कापडी पिशवी घेऊन भर दिवसा देशी दारूच्या दुकानात गेल्या. रांगेतले पुरुष बाजूला झाले, त्यांना वाटलं भांडायला आली. अक्का म्हणाल्या, "एक संत्रा बाटली द्या. सुटे हायेत." परत येऊन त्यांनी चहाचे दोन सारखे ग्लास घेतले, मुलीचं लाल नेलपॉलिश घेतलं आणि दोन्ही ग्लासांवर तळापासून दोन बोटांवर रेघ मारली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाल्यावर ओट्यावर सतरंजी टाकली, आधी भाकरी-ठेचा वाढला आणि मग दोन्ही ग्लास रेघेपर्यंत भरले.

नाना म्हणाले, "हाई काय?"

"तुम्ही जेवढी प्याल, तेवढी मी पीन. इथंच, रस्त्यासमोर. तुम्ही दुसरा ग्लास भरला की मी भरीन. तुम्ही गटारीत पडले की मी तुमच्या बाजूला येऊन पडीन. तुमच्या काट्यावरची माणसं पाहतील, नानाची बायको कशी लोळते."

नानांनी ग्लासाला हात लावला नाही. अक्कांनी स्वतःचा उचलला, एक घोट घेतला, त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि दुसरा घोट घेतला. तेव्हा रस्त्याने अण्णा चालले होते.

डॉक्टरला विचाराल तर हा उपाय कोणी करू नये असंच सांगतील, आणि मीही तेच सांगते. नानांनी चोरून पिऊन पाहिलं नाही असं नाही. दोनदा पिऊन आले. दोन्ही वेळा अक्कांनी काही न बोलता माझ्या कपाटातून बाटली नेली आणि ओट्यावर बसून भरभर पिऊ लागल्या. पहिल्या वेळी त्यांना रस्त्यावर ओकारी झाली आणि नानांनी त्यांना धरून आत नेलं. दुसऱ्या वेळी नानांनी हातातून ग्लास हिसकावला आणि सगळ्या कॉलनीसमोर रडले. त्यानंतर तिसरी वेळ आली नाही. ज्याला बायकोची कधी दया आली नाही त्याला स्वतःच्या अब्रूची आली. औषध लागू पडायचं असेल तर रोग्याचा स्वभाव माहीत पाहिजे.

त्या ओट्याचे नियम होते. पोटात भाकरी गेल्याशिवाय ग्लास नाही. अर्ध्या तासाच्या आत ग्लास रिकामा झाला तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. आणि ग्लास हातात देण्याआधी अक्का विचारायच्या, "काल आपण काय बोललो?" नानांना सांगावं लागायचं. काल डाळीत मीठ कमी होतं. काल काट्यावर एरंडोलच्या गाडीवाल्याशी वाद झाला. काल मुलीचा फोन आला. सांगता आलं नाही तर ग्लास नाही. सुरुवातीला नाना शाळेतल्या ढ मुलासारखे अडखळायचे, मग सांगू लागले, मग न विचारता सांगू लागले. सगळं सांगून झालं की अक्का रोज शेवटी एकच विचारायच्या, अगदी साध्या आवाजात. "आणि आबा आले होते, ते?"

"माले याद नही," नाना म्हणायचे. मग दोघं आपापला ग्लास उचलायचे.

लोकांना सात वर्षांत सवय झाली. नानांचा चेहरा भरला, हात थरथरायचे थांबले, जिनिंगमध्ये त्यांचं वजन वाढलं. अण्णा तर पाहुण्यांना सांगू लागले की आमच्या घरात सुधारणा झाली. अक्कांना हे ऐकून हसू यायचं. "सुधारणा नाही बाई, तयारी चालली हाये. साक्षीदार शुद्धीवर आणते मी."

पण एकदा अक्काच माझ्यासमोर हरता हरता राहिल्या. नाना लग्नाला साक्रीकडे गेले होते, मुक्कामाला. दिवेलागण झाल्यावर अक्का माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "बाटली द्या." मी म्हटलं, आज तर नाना नाहीत. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग पुढे केलेल्या स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो हात त्यांनी दुसऱ्या हाताने खाली घेतला आणि माझ्या उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "पाय आपोआप आले बाई. त्याचा सूड घेता घेता ही रांड माह्या घरात शिरली." मी चहा केला. चहा संपेपर्यंत त्यांनी नवा नियम ठरवला होता. ज्या दिवशी दुपारीच ग्लासाची आठवण येईल त्या दिवशी घ्यायचा नाही. ज्या दिवशी घेतला काय, न घेतला काय, असं वाटेल त्याच दिवशी घ्यायचा. आणि आठवण आली का हे दोघांनी खरं सांगायचं.

या नियमाने नानांचे जे हाल झाले ते शपथेने झाले नव्हते. खोटं बोलले तर अक्का चेहऱ्यावरून ओळखायच्या. आठवड्यातून चार दिवस ओट्यावर नुसती भाकरी आणि ठेचा असायचा. हळूहळू पाच दिवस. मी अक्कांना म्हटलं, आता सोडूनच द्या ना दोघं. त्या म्हणाल्या, "सोडली तर दारू मोठी होते. तिले लहानच ठेवायची. घरात एका कोपऱ्यात, ताकासारखी."

आणि मग अशाच एका कोरड्या संध्याकाळी ते झालं. ओट्यावर दोघं होती, भिंतीच्या अलीकडे मी मेथी निवडत होते. नानांनी दिवसाचं सगळं सांगितलं. अक्कांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "आणि आबा आले होते, ते?"

नाना म्हणाले, "याद शे."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"बठ्ठं याद शे, समदं," नाना खाली पाहत म्हणाले. "तवय बी व्हतं. मी त्यास्ले वळखं व्हतं. एकच घोट लिधा व्हता, या रेघपेक्षा बी कमी."

"मग काहून?"

"तुना बापनी लगीनमा बठ्ठास्ना समोर सांगं व्हतं, काट्यावरला कारकूनले पोर दिधी, चूक व्हयनी. ते मना मनमा व्हतं. दारूना नाववर धकी गयं."

सात वर्षं अक्का त्याच मापाने प्याल्या होत्या. रेघेएवढ्या दारूने माणूस कोणाला ओळखत नाही असं होत नाही, हे त्यांना स्वतःच्या जिभेवरून माहीत होतं. नानांना खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती, म्हणून ते खरं बोलले, असं मला वाटतं. पश्चात्तापाने बोलले असं म्हणायला माझं मन होत नाही.

"म्हणजे इतके दिवस मी बाटलीले उगाच शिव्या दिल्या," अक्का म्हणाल्या. त्या उठल्या, टाच आपटत माझ्या घरात आल्या, वह्यांमागची बाटली काढली आणि ती नानांसमोर ठेवली. "ही आता तुमच्याजवळ ठेवा. मी मोजणार नाही आणि तुमच्यासोबत बसणारही नाही. तुम्हाले सगळं याद राहतं, तर माप बी याद राहील."

नानांनी बाटलीला हात लावला नाही. त्या रात्री ती ओट्यावरच राहिली आणि सकाळी अक्कांनी ती उचलून स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याशेजारी ठेवली. पुढे मी होते तोवर नाना आठवड्यात एखाद दिवशी, तेही रेघेपर्यंत, एकटेच घेताना दिसायचे. घेताना दाराकडे पाहायचे, अक्का येतात का म्हणून. अक्का यायच्या नाहीत.

मग मी निवृत्त झाले आणि जळगावला मुलाकडे राहायला आले. अक्कांची शेवटची भेट झाली ती जळगावच्या स्टँडवर, मागच्या पितृपक्षात. रावेरच्या बसच्या खिडकीत त्या बसल्या होत्या. शेजारी नाना, स्वच्छ धुतलेल्या शर्टात, मांडीवर पिशवी, नजर पुढच्या सीटच्या पाठीवर. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले.

"माहेरी चालले," अक्का म्हणाल्या. "आबाची तिथी हाये. दरवर्षी नेते याईले. पंगत बसली की वाढायच्या आधी हे उभे राहतात आणि त्या दिवशी काय केलं ते सगळ्यांले सांगतात. काय काय बोलले, कडी कशी लावली, सगळं. मग पानं वाढतात."

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी मला नमस्कार केला आणि पुन्हा सीटकडे पाहू लागले. मी विचारलं, "यंदा कितवं वर्ष?"

"चौथं. पहिल्या वर्षी सगळे रडले. दुसऱ्या वर्षी दोन म्हातारे उठून गेले."

"आज काही घेतली नाही ना त्यांनी?"

"नाही. घेत असते तर मी नाही म्हटलं नसतं. पण उद्या सांगायचं असतं ना, त्याईलेच नको वाटते."

कंडक्टरने घंटी मारली. अक्का खिडकीतून थोड्या वाकल्या.

"मागच्या वर्षी माहा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, अक्का, झालं आता, पुरे कर. मी म्हटलं, आबा तुले काय विचारत गेले ते तूच मले सांगितलं ना? मग वाढ मुकाट्यानं. मले पुरं झालं की मी सांगीन."

बस निघाली. वळण घेईपर्यंत मला नानांची मान दिसत होती, आणि त्यांचे ओठ हलत होते, उद्याचं पाठ करत असल्यासारखे.